पॅरिशने परदेशात मिशन सुरू करावं का?

पाऊलवाट: आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाच्या, कौन्सिलने आफ्रिकेतल्या मलावीमधल्या एका गावाला मदत करायचं ठरवलंय. आधी बोअरवेल आणि हातपंप, मग सुट्टीत आपली तरुण मंडळी दोन आठवडे जाऊन शाळेची खोली बांधणार. पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण हे दोन आठवडे मला पटत नाहीत. ज्यांनी कधी थापी धरली नाही ती पोरं विमानाने जाऊन भिंत रचणार आणि तिथले गवंडी बघत बसणार? तिकिटांच्या पैशात त्याच गवंड्यांना कितीतरी दिवस काम देता येईल.

समईवात: अजिबात पटलं नाही. नुसता चेक पाठवला की दोन वर्षांत सगळे विसरतात. ज्या पोराने तिथल्या बाईला पाण्यासाठी मैलभर चालताना बघितलंय तो जन्मभर देत राहतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये अध्याय 11 काढून वाचा, दुष्काळ पडणार म्हटल्यावर अंत्युखियाच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी, यहूदीयातल्या भावंडांसाठी मदत पाठवली ती बर्णबा आणि शौलाच्या हातूनच. माणसं गेलीच ना?

पाऊलवाट: गेली, पण दोन, आणि जबाबदारी घेऊन. पुढे करिंथच्या मंडळीला पौल, म्हणजे तोच शौल, काय लिहितो, की वर्गणी पोचवायला तुम्हाला पसंत असतील तीच माणसं मी पाठवीन. पैशावरून कुणी बोट दाखवू नये याची त्याला केवढी काळजी! आपल्या प्लॅनमध्ये हिशोब कोण बघणार याची एक ओळ नाहीये.

गारवा: आधी आपल्या दारातले गरीब बघा की.

समईवात: गारवा, 'माझा शेजारी कोण' हा प्रश्न येशूला विचारला गेला तेव्हा त्याने शोमरोन्याची गोष्ट सांगितली, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची. दोन्ही करता येतं.

पांढराकोट: मी नर्स आहे, अशा एका मेडिकल कॅम्पला जाऊन आलेय म्हणून लिहिते. बीपीच्या पेशंटना महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि आम्ही परत आलो, पुढच्या महिन्याचं काय ते कुणी ठरवलंच नव्हतं. मला अजून त्याचा त्रास होतो. दान आलेली काही औषधं तर मुदत संपत आलेली. दानातल्या औषधांची निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी असं डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, 1996 पासून सांगितलंय. आणि जुने कपडे गोळा करायचं कुणी सुचवलं असेल तर प्लीज नको. रवांडाने आपला कापड उद्योग उभा राहावा म्हणून 2016 मध्ये जुन्या कपड्यांवरचा कर वाढवला, तर अमेरिकेने 2018 मध्ये तिथे येणाऱ्या रवांडाच्या कपड्यांची करसवलतच थांबवली. इतकं सोसून ते नको म्हणतायत आणि आपण गाठोडी पाठवायची?

समईवात: कपड्यांचं मान्य. पण चुका होतील म्हणून हातच आखडायचा का? हातपंप तर चांगलीच गोष्ट आहे ना!

पांढराकोट: चांगलीच, पण तो चालू राहिला तर. तिकडे आफ्रिदेव नावाचा हातपंप बराच वापरतात, एका पान्याने गावातलंच माणूस उघडू शकेल असा बनवलाय. तरी रबरी सील झिजतात, नवीन कुठून आणायची, पैसे कुणी काढायचे हे गावाने आधी ठरवलेलं हवं. नाहीतर पाटीवर आपल्या पॅरिशचं नाव आणि खाली बंद पंप.

पाऊलवाट: हेच मला म्हणायचंय. तिथल्या पॅरिशची पाणी समिती आधी, पंप नंतर.

समईवात: बरं, मग तरुणांपैकी दोघंच जाऊदेत, पण पंप बसल्यावर वर्षभराने, चालतोय का बघायला. याला तरी हो म्हणाल?

पाऊलवाट: याला हो. रविवारच्या मीटिंगमध्ये तुम्हीच मांडा, मी अनुमोदन देतो.