सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा आकडा नक्की कोणासाठी?

बार्देशकर: म्हापशात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. समोर मशीन असतं विंडोज ११ चं. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'व्हर' टाइप करा, उत्तर येतं १०.०.२२६३१. सेटिंगमध्ये जा, तिथे २३एच२. ऑफिस २०१६ घ्या, २०१९ घ्या की २०२१, आत फोल्डर 'ऑफिस१६'च. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा माणूस फोनवर "व्हर्जन सांगा" म्हणतो, तेव्हा यातलं नेमकं काय सांगायचं हे किराणा दुकानदाराला कसं कळणार? विकताना जे नाव सांगता, तेच आतही असलं पाहिजे.

पर्वरीवाला: बार्देशकर बाब, हे पटत नाही. मी कोड लिहितो म्हणून सांगतो. विंडोज ७ च्या आधीचं विंडोज व्हिस्टा आत ६.० होतं. कितीतरी प्रोग्रॅम पहिला आकडा तपासून अनोळखी दिसला की अडून बसायचे. म्हणून २००९ मध्ये विंडोज ७ आलं, तरी आत ६.१ च ठेवलं. तुमच्या गिऱ्हाइकांची जुनी बिलिंग सॉफ्टवेअर चालू राहिली ती त्यामुळेच.

फोंड्याची शिक्षिका: मग सरळ साल घाला ना! उबुंटू ही विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टीम, तिचं २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४, आठवीतल्या मुलांनाही एकदा सांगून कळतं. ॲपलनेसुद्धा २०२५ मध्ये आयफोनच्या आयओएस १८ नंतर थेट २६ आणलं.

पर्वरीवाला: ताई, सालावरून वय कळतं, काय मोडेल ते कळत नाही. २००८ मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २ चं ३ झालं, तेव्हा तो आकडाच इशारा होता, की जुना कोड आहे तसा चालेलच असं नाही. हा इशारा मला रोजच्या कामात लागतो. तो सोडायला मी तयार नाही.

बार्देशकर: इशारा पाळणारे उरलेत किती? फायरफॉक्स ब्राउझरचं व्हर्जन ४ मार्च २०११ मध्ये आलं आणि जूनमध्ये ५! त्याच वर्षी लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स सिस्टीमचा गाभा, २.६.३९ वरून ३.० वर गेला, तोही मोठा बदल नसताना, आकडे फार वाढले म्हणून. आतला आकडा तुमच्यासाठी ठेवा, माझी हरकत नाही. पण गिऱ्हाइकाला जिथे व्हर्जन दिसतं तिथे नाव, साल आणि अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख, एवढं एका ओळीत हवं. पैसे तो मोजतो.

पर्वरीवाला: तारखेचं मान्य. साल मात्र नको. चांगलं चालणारं सॉफ्टवेअर नुसतं साल बघून जुनं ठरवतील आणि लोकांना उगाच नवं घ्यायला लावतील.