अनुभव धागा: घरचं चीज आणि फळांचं आइस्क्रीम, तुम्ही कसं करता?

कोथरूडकरीण (धागा माझा):
मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसायला लागली की आमच्याकडे आइस्क्रीमची फर्माईश सुरू होते. मी हल्ली क्रीम चीज घालूनच करते, मशीन लागत नाही आणि इतकं मऊसूत होतं की नुसत्या दूध-साखरेचं आता घरात कोणाला चालतच नाही. माझं ठाम मत असं की चीजने आइस्क्रीमला अंग येतं, पण खरी मेख फळातल्या पाण्यात आहे. स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते तसंच फ्रीजरमध्ये गेलं की दाताखाली बर्फ येणारच. म्हणून अर्धा किलो स्ट्रॉबेरी चिरून 100 ग्रॅम साखर घालून जाड बुडाच्या कढईत आटवायची, चमचा फिरवला की तळ दिसला पाहिजे आणि रस लगेच धावत परत यायला नको, इतपत. मग पूर्ण गार होऊ द्यायची. 200 ग्रॅम क्रीम चीज बाहेर काढून नरम झालं की एकही गुठळी राहणार नाही असं फेटायचं, त्यात 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, आणि शेवटी 250 मिली व्हिपिंग क्रीम फेटून हलक्या हाताने. क्रीम दुधाचं, 35 टक्के फॅटचं बघून घ्या, साधं फ्रेश क्रीम 25 टक्क्यांचं असतं, ते कितीही फेटा, फुलत नाही.
तुमचं फळ कुठलं, चीज कुठलं, सविस्तर लिहा प्लीज.

काकू, कर्वेनगर:
छान धागा गं. मी चक्काच वापरते, क्रीम चीजला एवढे पैसे कशाला. म्हशीच्या दुधाचं दही मलमलच्या कापडात बांधून रात्रभर फ्रीजमध्येच टांगते, बाहेर उन्हाळ्यात आंबट होतं. सकाळी पुरणयंत्रातून काढायचा. त्यात हापूसचा रस, तोही नॉनस्टिकवर थोडा आटवून, साखर, वेलची आणि फेटलेलं क्रीम.

बिबवेवाडीकर:
काकू, म्हणजे आम्रखंडच फ्रीजरमध्ये ठेवलं ना? फरक काय पडतो?

काकू, कर्वेनगर:
पडतो हो. आम्रखंड नुसतं गोठवलंत तर वीट होते, सुरी लागेल. फेटलेल्या क्रीममधली हवा आणि फॅट यांच्यामुळे चमचा आत जातो. एकदा निम्मं निम्मं करून बघा, लगेच कळेल.

सासवडचं माहेर, आता वारजे:
माझं सीताफळ. माहेरी झाडं आहेत त्यामुळे सीझनला पोतंभर गर निघतो. सगळ्यांना कळकळीने सांगते, सीताफळ आटवायला जाऊ नका!! गरम केलं की गर कडवट होतो. वर ताईंनी स्ट्रॉबेरीचं सांगितलंय ते अगदी बरोबर, पण सीताफळाला आच नकोच, गर तसाही घट्ट असतो. आणि क्रीम चीजचा आंबटपणा त्याला मानवत नाही असं माझं मत. मी गाईचं दूध फाडून ताजं पनीर करते, दाबून घट्ट नाही करायचं, ओलसरच ठेवायचं आणि थोडं दूध घालून मिक्सरला इतकं फिरवायचं की बोटांत चोळलं तर रवा लागायला नको. हे महत्त्वाचं आहे, कारण रवाळ राहिलं की सगळ्यांना वाटतं बर्फ झालाय. दूध आटवून थंड करून त्यात हे पनीर, साखर, आणि गर सगळ्यात शेवटी.
पुरंदरचे अंजीर पण करते, पण ताजे असतील तर आधी शिजवून घेते. कच्च्या अंजिराने दुधाला कडसर चव येते.

औंधवाली:
अननसाचंही तेच. कच्च्या अननसात, किवीत, पपईत प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, चीज-दुधात कच्चं घातलं की थोड्या वेळाने कडू लागतं आणि पोतही बिघडतो. साखरेत चांगली उकळी आणली की एन्झाइम निकामी होतं, मग बिनधास्त घाला. डब्यातला अननस आधीच शिजलेला असतो त्यामुळे तो चालतो.

हडपसर:
साखर निम्मी केली तर चालेल का? वडिलांना डायबेटिस आहे.

कोथरूडकरीण:
चव चालेल पण दगड होईल. साखरेमुळेच सगळं पाणी गोठत नाही आणि आइस्क्रीम नरम राहतं. बाबांसाठी साखर कमी करून छोट्या वाट्यांमध्ये लावा आणि खायच्या आधी जरा वेळ खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवा. त्यांनी किती खायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

धनकवडीचा दादा:
माझा प्रकार वेगळा आहे, पेरू आणि साधं क्यूबवालं चीज. फिलिपिन्समध्ये चीजचं आइस्क्रीम गाडीवर मिळतं, केसो म्हणतात, आत चीजचे बारके तुकडे असतात. इथे पुण्यात पेरूचं आइस्क्रीम वर तिखट-मीठ भुरभुरून खातातच, मग म्हटलं मीठ चीजमधूनच येऊ दे. पेरू वाफवून चाळणीतून गाळायचा, बिया सगळ्या वर राहतात, तो गर साखरेत घट्ट करायचा. कोमट दुधात 2 क्यूब किसून विरघळवायचे, उकळत्या दुधात नको, तार सुटते. आणखी 1 क्यूब किसून शेवटी तसाच. वर लाल तिखट. आजीने पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, आता तीच पेरू आणून ठेवते. मीठ वेगळं अजिबात घालू नका.

शनिवार पेठ:
आमच्याकडे अजून पॉट आहे, लाकडी बादलीचा. चक्का-आंब्याचं मिश्रण त्यात जे होतं ते फ्रीजरला नाहीच. बर्फाचा थर, खडे मीठ, परत बर्फ, साधारण 3 वाट्या बर्फाला 1 वाटी मीठ. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, शून्याच्या बराच खाली जातो. सतत फिरवल्यामुळे बर्फाचे कण मोठे व्हायला वावच मिळत नाही. डबा पाऊणच भरा, फुगतं ते. आणि झाकण उघडायच्या आधी कडा स्वच्छ पुसा, खारं पाणी एक थेंब आत गेलं तरी घास खारट.

बिबवेवाडीकर:
फ्रीजरवाल्यांसाठी एक, बुधवारी रात्री लावू नका. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीला लाईट जाते, अर्धवट विरघळून परत गोठलं की खडे पडतात. आणि खोल डब्यापेक्षा पसरट स्टीलचा डबा घ्या, लवकर गोठतं. वर प्लास्टिक अगदी टेकवून लावायचं.

वारजे परत:
जांभळाचं कोणी केलंय का चीजमध्ये?

कोथरूडकरीण:
हो, दरवर्षी जूनमध्ये. क्रीम चीज छान जातं त्यात, रंग तर बघत राहावा असा येतो. गर हाताने काढा, मिक्सरमध्ये बी फुटली की तुरट होतं. गर साखरेत 5-7 मिनिटं शिजवा, आणि साखर चाखून जितकी वाटते त्यापेक्षा 2 चमचे जास्तच टाका, गोठल्यावर गोडी कमी लागते.