मदत हवी आहे: क्रिकेट पंचांसाठी गणवेश आणि संरक्षक साहित्य कसे निवडावे?

आमच्या क्रिकेट मंडळाच्या पंचांसाठी नवा गणवेश आणि त्याच्याबरोबर संरक्षक साहित्य घेण्याचे काम या हंगामात माझ्याकडे आले आहे. एकूण चौदा पंच आहेत. त्यांत चार स्त्रिया आहेत, दोघे साठीच्या पुढचे आहेत आणि दोघे नुकतीच पंचपरीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण आहेत. शर्ट, पँट आणि हॅट म्हणजे गणवेश, एवढीच आजवर आमची समजूत होती. गेल्या हंगामात सरळ मारलेला एक चेंडू आमच्या ज्येष्ठ पंचांच्या मनगटावर बसला आणि हाड मोडले. त्यांनी हात वर घेतला तो चेहरा वाचवण्यासाठी, आणि तो हात तिथे नसता तर काय झाले असते, हे त्या दिवशी मैदानावर असलेल्या आम्हां सर्वांना ठाऊक आहे.

क्रिकेटचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. फलंदाज आणि गोलंदाजाच्या टोकाचा पंच यांच्यामध्ये साधारण वीस मीटर अंतर असते, आणि फलंदाज पुढे सरसावला तर तेही कमी होते. ताशी १२० किलोमीटर वेगाने परत आलेला चेंडू हे अंतर सहा दशांश सेकंदात कापतो. त्याच सुमारास पंचाची नजर गोलंदाजाच्या पावलावरून उठून समोरच्या टोकाकडे गेलेली असते, त्यामुळे ‘सावध राहा’ एवढ्या सूचनेवर भागत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये इस्राएलमधील अश्दोद येथे यष्टीवर आपटून उडालेला चेंडू लागून पंच हिलेल ऑस्कर यांचा मृत्यू झाला, आणि २०१९ मध्ये वेल्समधील एका स्थानिक सामन्यात चेंडू लागलेले वयोवृद्ध पंच महिनाभराने दगावले. आंतरराष्ट्रीय पंचांनीही हा धोका ओळखला आहे. रणजी सामन्यात डोक्याला चेंडू लागून रुग्णालयात जावे लागलेले ऑस्ट्रेलियाचे जॉन वॉर्ड काही आठवड्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, कॅनबेरातील भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात हेल्मेट घालून उभे राहिले, आणि त्याच वर्षी ब्रूस ऑक्सनफर्ड हातावर पारदर्शक ढाल बांधून पंचगिरी करताना दिसले.

माझी पहिली अडचण हेल्मेटची आहे. ज्येष्ठ पंचांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचे कारण मला क्षुल्लक वाटत नाही: बॅटची पुसटशी कड लागल्याचा आवाज कान झाकलेले असताना ऐकू आला नाही, तर निर्णय चुकेल. शिवाय बाजारातली बहुतेक हेल्मेट फलंदाजाला नजरेसमोर ठेवून बनवलेली असतात. दिवसभर ऊन सोसत उभे राहणाऱ्या, मान सतत इकडेतिकडे वळवणाऱ्या आणि दर षटकानंतर जागा बदलणाऱ्या माणसाला ते कितपत सोसवेल, हे प्रत्यक्ष वापरलेल्यांकडून मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी अडचण गणवेशाच्या मापांची आहे. कवच आतून घालायचे असेल, तर शर्टाचा घेर आणि बाह्या त्या हिशेबाने बेतल्या पाहिजेत. मागच्या वेळी सर्वांसाठी पुरुषांच्या मापांचे शर्ट आले. स्त्री पंचांना खांद्यावर ढगळ आणि कमरेवर घट्ट अशा शर्टांत पूर्ण हंगाम काढावा लागला, आणि हे पुन्हा घडू नये ही माझी मनापासूनची इच्छा आहे. दुसऱ्या बाजूने, कपडे फार सैल ठेवूनही चालत नाही, कारण पंचाच्या कपड्यांत चेंडू अडकला की नियमानुसार तो मृत होतो, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ तिथेच थांबतो. उघड्या तोंडाचे मोठे खिसे मला म्हणूनच नको आहेत. रंगाविषयी माझा निर्णय जवळपास झालेला आहे: लाल चेंडूच्या सामन्यांसाठी फिका शर्ट आणि पांढऱ्या चेंडूच्या सामन्यांसाठी गडद शर्ट, म्हणजे चेंडू पंचाच्या अंगावरून येताना फलंदाजाला हरवल्यासारखा वाटणार नाही.

छातीचे कवच, गार्ड (जांघेचे संरक्षक कवच), हाताचे कवच आणि हेल्मेट यांपैकी सर्वांना सक्तीचे काय करावे आणि ज्याच्या-त्याच्या इच्छेवर काय सोडावे, याविषयी अनुभवी पंचांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी गेली काही वर्षे हेल्मेट घालून पंचगिरी करतो. आवाजाची शंका खरी आहे, परंतु तिच्यावर उपाय सरावाचा आहे. हेल्मेट थेट सामन्यात घालू नका. आधी काही आठवडे नेटमध्ये यष्टीमागे उभे राहून घाला. सुरुवातीला आवाज दबल्यासारखा येतो, मग कान त्याला सरावतात; निदान माझे तरी सरावले. खरेदी करताना बीएस ७९२८:२०१३ या क्रिकेट हेल्मेटांच्या ब्रिटिश मानकाचा उल्लेख आतल्या लेबलावर आहे की नाही, ते पाहा. त्या मानकात चेंडू चेहऱ्यापुढची जाळी आणि हेल्मेटाची कपाळावर पुढे आलेली कड यांच्या फटीतून आत शिरतो का, याची चाचणी असते आणि मोठ्यांच्या व मुलांच्या चेंडूसाठी ती वेगवेगळी असते. तुमचे पंच मुलांच्या सामन्यांतही उभे राहत असतील, तर दोन्ही चेंडूंसाठी तपासलेलेच हेल्मेट घ्या. चेंडू चुकवताना पंच बहुधा तोंड फिरवतो आणि मान उघडी पडते, म्हणून मानेमागचे संरक्षकही घ्यावे. एकदा जोरात चेंडू लागलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे.

माझ्या मते गोलंदाजाच्या टोकाला गार्ड सक्तीचा असावा आणि हेल्मेटाची प्रत्येकाला सवय होईपर्यंत मुदत द्यावी. छातीच्या कवचाविषयी एक सावधगिरी सांगतो. हृदयाच्या ठोक्याच्या अगदी नेमक्या क्षणी छातीवर बसलेला मार हाड न मोडताही हृदयाची लय बिघडवू शकतो, आणि साधे फोमचे कवच त्याला खात्रीने अडवते असे मानू नये. मैदानावर एईडी यंत्र (विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र) आणि ते चालवता येणारी व्यक्ती असणे यासाठी आवश्यक आहे. साहित्याच्या यादीत त्याची नोंद आजच करा.

मापे घेताना पंचांना संपूर्ण साहित्य चढवायला सांगा आणि त्यावर नमुन्याचा शर्ट घालून सगळ्या खुणा करून घ्या: षटकारासाठी दोन्ही हात वर, वाइडसाठी आडवे, अपुऱ्या धावेसाठी बोटे खांद्याला. ज्या शर्टात हात वर जाताना कवच गळ्याशी सरकते, तो शर्ट परत करा.

धागाकर्ती

अत्यंत आभारी आहे. खुणा करून पाहण्याची सूचना मला सुचली नव्हती. मागच्या वेळी मापे केवळ कागदावर मागवली होती आणि तिथेच चूक झाली. आता चारही स्त्री पंच आणि अंगाने सर्वांत थोराड असलेले दोघे, अशा सहा जणांसाठी आधी नमुने मागवून तपासते आणि मगच उरलेली मागणी नोंदवते. एईडी यंत्राचा विषय पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडणार आहे.

एक प्रश्न मात्र उरतो. आमच्या तीन पंचांना चष्मा आहे. काचेची भिंगे चेंडूच्या माराने डोळ्यातच फुटू शकतात, म्हणून त्यांना पॉलिकार्बोनेटची भिंगे घेण्यास सांगितले आहे. परंतु हेल्मेटाच्या जाळीआड घामाने चष्म्यावर वाफ धरते आणि पायचीतचा निर्णय देण्याच्या क्षणीच समोरचे धूसर होते, अशी त्यांची तक्रार आहे. चष्मा लावून हेल्मेट वापरणारे कोणी पंच येथे असतील, तर त्यांनी यावर काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे.