मशीनवर बसायला नाही म्हटलं तर चोर ठरतो का?

समुद्रकाठी: नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातले. धाकटा भाऊ इथल्या एका पतपेढीत कॅशियर आहे. गेल्या महिन्यात तिजोरीतली तारण सोन्याची दोन पाकिटं गायब झाली. किल्ल्या दोन, एक मॅनेजरकडे, एक याच्याकडे. पोलिसांनी याला तीनदा बोलावलं. परवा साहेब म्हणाले, "खरं बोलतोयस ना? मग लाय डिटेक्टरला बस, इथे सही कर." भावाला चार वर्षं बीपीची गोळी चालू आहे. घरच्या लग्नात मंगलाष्टक म्हणायला उभा केला तरी घामाघूम होतो. ठाण्याची पायरी चढताना तर त्याचे हात बर्फ झाले होते. ते यंत्र बीपी आणि नाडीच मोजतं ना? आई म्हणते, मन साफ आहे तर बस की. वाडीत मात्र कुजबुज आहे, नाही म्हटला म्हणजे यानेच नेलं. सोमवारी उत्तर द्यायचंय.

तळकोकणी: मशीन कित्याक व्हया? देवळात गाऱ्हाणा घाला, कौल लावा. ज्याच्या मनात पाप आसा तो नारळ ठेवूक पुढे येवचोच नाय.

जुना शिरस्तेदार: तळकोकणींचं वाचून हसलो, पण यंत्रही त्यापेक्षा फार वेगळं नाही. श्वास, नाडी, रक्तदाब, त्वचेवरचा घाम, एवढंच ते टिपतं. खोटं टिपणारी तार अजून कोणी काढलेली नाही. घाबरलेला खरा माणूस आणि निबर चोर यांच्यात गफलत होऊ शकते.

आता कायदा. फौजदारी कोर्टात ३१ वर्षं कागद हलवले, त्यावरून सांगतो. घटनेचं कलम २०(३) म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या चाचण्यांना वाट मोकळी केली होती. पण ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की पॉलीग्राफ (म्हणजे हेच लाय डिटेक्टर), नार्को (गुंगीचं औषध देऊन चौकशी), ब्रेन मॅपिंग (मेंदूतल्या लहरींची नोंद) यांतलं काहीही संमतीशिवाय करायचं नाही. हे संरक्षण संशयितालाही आहे, म्हणजे भावावर अजून गुन्हा लागलेला नसला तरी.

आणि संमती म्हणजे ठाण्यातल्या टेबलावरची सही नव्हे! मानवी हक्क आयोगाच्या २००० सालच्या सूचना न्यायालयाने पाळायला लावल्यात. आधी वकील, मग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर संमतीची नोंद, चाचणी स्वतंत्र संस्थेकडून आणि वकिलाच्या उपस्थितीत. एवढं करून आलेला निकालही पुरावा म्हणून चालत नाही. फक्त स्वखुशीने दिलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुराव्यात येऊ शकते. "सही कर, सुटशील" हे कुठल्याच कलमात नाही.

समुद्रकाठी: काका, मग बोटांचे ठसे? तेही मागितलेत.

जुना शिरस्तेदार: ते द्यावे लागतील. १९६१ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने काथी कालू ओघड खटल्यात ठरवलंय, ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. ठसा काही बोलत नाही, तो नुसता जुळवायचा असतो. त्यावर अडून बसू नका, उगाच संशय वाढतो. बोलावणं आलं की जायचंच, दांडी मारायची नाही. चाचणीला मात्र लेखी नकार द्या, वकिलाकडून, आणि पोच घ्या.

बंदरावरची: माझ्या मामेभावाला असंच एकदा "बस रे, काही होत नाही" म्हणून बसवलं होतं. कागद कसला, हे नंतर कळलं. समुद्रकाठी, पोच विसरू नका.

समुद्रकाठी: आज वकिलांना भेटलो. त्यांनीही पहिल्यांदा पोचेचंच सांगितलं. आईला सगळं वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मग सोनं कसं मिळायचं?" वकिलांनी भावाला विचारलं, तिजोरीच्या किल्लीचं रजिस्टर आहे का? आहे. त्या दिवशी शेवटची सही कोणाची, हे तीन चौकशांत त्याला एकदाही विचारलेलं नाही.