मदत हवी आहे: राकसकोपच्या काठाने चालत जाता येतं का?

नमस्कार मंडळी,

यंदा निवृत्त झालो. थंडी आहे तोवर जलाशयाच्या काठाने निवांत चालायचं मनात आहे, सोबत मंडळीही येणार. तिचे गुडघे जरा कुरकुरतात, त्यामुळे चढण नको, सपाट पायवाट हवी.

पहिली पसंती राकसकोप. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय पावसाळ्यात २४७५ फुटांवर भरला की बेळगावकर दरवाजे उघडलेले बघायला गर्दी करतात, पण मला हवा आहे तो जानेवारीतला, पाणी स्थिर असलेला. अडचण अशी की शहराला पिण्याचं पाणी इथूनही येतं. धरणाच्या भिंतीकडे सोडणार नाहीत हे समजू शकतो. पण मागच्या बाजूने, तुडयेकडून, काठाला लागणारी वाट आहे का? तिकडचा भाग चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मग परवानगी लागलीच तर मागायची कुणाकडे, इकडे की तिकडे? (आपल्या भागात हा प्रश्न काही नवा नाही म्हणा!)

ते जमत नसेल तर घटप्रभेवरचं हिडकल. पाणी अफाट, पण सावली कमी वाटते, आणि गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. पहाटे धुक्यात त्यांच्या मागून स्कूटर चालवायची माझी तयारी नाही.

अलीकडे कुणी गेलं असेल तर कृपया सांगा: गवत कापलंय का, कुत्री कितपत आहेत, सकाळची पहिली बस किती वाजता? बसायला एखादा कट्टा असेल तर तेही कळवा.