उतारवयात दृष्टी गेल्यास ब्रेल शिकावी की मून लिपी?

प्रश्न (सांगली):
माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूमुळे गेली. ते ६४ वर्षांचे असून आयुष्यभर मराठीच वाचत आले आहेत. ध्वनिमुद्रित पुस्तके ते ऐकतात, परंतु स्वतः वाचावे आणि चार ओळी लिहाव्यात अशी त्यांची तीव्र इच्छा आहे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना काहीशी कमी झाली आहे. अशा व्यक्तींना मून लिपी सोपी जाते असे कळले. त्यांना कोणती लिपी शिकवावी?

उत्तर (विशेष शिक्षिका, नाशिक):
मून लिपी सोपी जाते हे खरे, पण ती कोणाला सोपी जाते हे आधी पाहायला हवे. ब्रायटनच्या विल्यम मून यांनी १८४५ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी रोमन अक्षरांचीच रूपे साधी करून उठावाच्या रेषांमध्ये आणली. त्यामुळे ज्याने डोळसपणी रोमन लिपी वाचली आहे, त्याच्या बोटांना ओळखीचे आकार लागतात. आपल्या वडिलांच्या स्मरणात देवनागरी आहे, म्हणून हा मुख्य लाभच त्यांना मिळणार नाही.

मराठी पुस्तके भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत, मिळतात आणि ती लिपी उच्चाराच्या क्रमाने चालते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येत नाही, ‘क’ नंतर ‘इ’ येते; जोडाक्षराची खूण मात्र व्यंजनांच्या आधी येते. सुरुवातीला हे वेगळे वाटेल, परंतु मराठी ज्याच्या कानात मुरली आहे त्याला त्याची सवय होते.

उत्तर (प्रौढपणी दृष्टी गमावलेला वाचक, पुणे):
वरील मताशी मी सहमत आहे, तरी उठावाची अक्षरे सर्वस्वी बाजूला ठेवू नयेत असे मला मनापासून वाटते. औषधाच्या बाटलीवर पुठ्ठ्याचे एक ठळक देवनागरी अक्षर चिकटवले, तर ते आजपासूनच उपयोगी पडेल. पुस्तकासाठी मात्र तो मार्ग नाही. पॅरिसमध्ये अंधांची शाळा काढणारे व्हॅलेंटिन आवी यांनी नेहमीचीच अक्षरे उठावात छापली होती. पण एकेक अक्षर चाचपत वाचन फार संथ होई आणि विद्यार्थ्याला स्वतः तसे लिहिता येत नसे. पुढे फ्रेंच लष्करी अधिकारी शार्ल बार्बिये यांनी उठावाच्या ठिपक्यांची पद्धत काढली; तिच्यात १२ ठिपके होते, ते एका बोटाखाली मावत नसत. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सहाच ठिपके ठेवले, त्यामुळे पूर्ण अक्षर एका स्पर्शात कळते आणि तेच हाताने लिहिताही येते.

लिहिण्याबाबत एक सूचना करतो. ब्रेल पाटीवर स्टायलसने, म्हणजे टोकदार टोचणीने, उजवीकडून डावीकडे टोचावे लागते आणि कागद उलटून वाचावा लागतो. ही उलटापालट अंगवळणी पडायला मला बरेच महिने लागले. सहा कळांच्या ब्रेलरवर अक्षर सरळ उमटते, पण ते यंत्र महाग असते. म्हणून आधी मोठ्या ठिपक्यांच्या ब्रेलमध्ये वाचन पक्के करावे, आणि त्याआधी दोन्ही हातांच्या सर्व बोटांची संवेदना तपासावी.

प्रश्नकर्ता:
आज तपासले. डाव्या तर्जनीला ठिपके स्पष्ट कळतात, उजवीला नाहीत. डाव्या हातानेच वाचनाला आरंभ करतो.