१९७८ ची पहिली स्वतंत्र ‘स्टार वॉर्स’ कादंबरी आज कशी वाचावी?

पानगळ :
नमस्कार. ‘स्टार वॉर्स’ या अंतराळातील चित्रपटमालिकेवर आधारलेली, अ‍ॅलन डीन फॉस्टर यांची ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ ही कादंबरी मी नुकतीच पुन्हा वाचली. महाविद्यालयात असताना ती एक वेगवान साहसकथा म्हणून आवडली होती. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुलमी साम्राज्याविरुद्ध लढणारे तरुण बंडखोर लूक आणि राजकन्या लेया एका गुप्त बैठकीला निघालेले असताना त्यांची अंतराळयाने मिंबन या धुक्याने वेढलेल्या, चिखलाच्या ग्रहावर कोसळतात. तेथे साम्राज्याची छुपी खाण आहे. हाला नावाची वृद्धा त्यांना ‘फोर्स’ ही गूढ शक्ती वाढवणाऱ्या कायबर स्फटिकाविषयी सांगते, आणि त्याच्या शोधात ते पोमोजेमाच्या पडक्या मंदिरापर्यंत पोहोचतात, जेथे साम्राज्याचा खलनायक डार्थ वेडर याच्याशी त्यांची गाठ पडते.

या वेळी मात्र वाचताना सतत अडखळायला झाले. लूकच्या मनातली लेयाविषयीची ओढ कादंबरीत जागोजागी आहे आणि पुढे १९८३ च्या चित्रपटाने त्यांना बहीणभाऊ ठरवले. वेडर लूकचा पिता असल्याची कल्पना तर या कथेच्या आसपासही नाही. पुढच्या चित्रपटांनी जिचा पायाच काढून घेतला, अशी ही कथा केवळ कुतूहलाची वस्तू म्हणून बाजूला ठेवावी, की कादंबरी म्हणून तिला स्वतःचे काही मोल आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तररात्र :
तुमच्या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकाच्या जन्मकथेत बरेचसे सापडते. पहिल्या चित्रपटाची कादंबरी १९७६ च्या अखेरीस, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही महिने आधीच, ‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकास यांच्या नावाने प्रसिद्ध झाली होती. प्रत्यक्षात ती फॉस्टर यांनीच लिहिली होती. त्याच करारात दुसरे पुस्तकही ठरलेले होते आणि ते लिहिताना, चित्रपट जेमतेम चालला तर कमी खर्चात ज्यावर दुसरा भाग काढता येईल असे कथानक हवे, ही अट फॉस्टर यांच्यासमोर होती. ही अट लक्षात ठेवून पुस्तक उघडले की पानापानावर तिच्या खुणा दिसतात. सारी कथा एकाच ग्रहावर घडते, दाट धुक्यामुळे भव्य देखाव्यांची गरज उरत नाही आणि उत्तरार्ध बहुतेक भुयारांत जातो. फॉस्टर यांनी आरंभी अंतराळातील एक लढाईही लिहिली होती, पण ती चित्रित करणे महाग पडेल म्हणून लुकास यांनी ती काढायला सांगितली. अभिनेते हॅरिसन फोर्ड यांचा पुढील भागासाठी करार झालेला नसल्यामुळे त्यांनी साकारलेला तस्कर हान सोलोही कथेत नाही.

मला यातच या कादंबरीचे सामर्थ्य दिसते. पैशाच्या चणचणीने लेखकाला दोन माणसे, दोन यंत्रमानव आणि एक ओलसर, कोंदट जग एवढ्यावरच कथा पेलायला लावली. परिणामी मिंबनचा चिखल, वस्तीतील थकलेले, चिडलेले खाणकामगार, तेथला क्रूर अधिकारी ग्रामेल, हे सारे इतक्या जवळून दिसते की त्या विश्वातील सामान्य माणसाचे जगणे कसे असेल याचा अंदाज येतो. पुस्तक १९७८ च्या आरंभी आले तेव्हा चित्रपटाला अफाट यश मिळालेले होते आणि काटकसरीच्या दुसऱ्या भागाचा प्रश्नच उरला नव्हता. प्रत्यक्षातला दुसरा भाग, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’, १९८० साली आला तो या कथेशी संबंध नसलेला. म्हणून हे पुस्तक १९७८ च्या वाचकाला जेवढे ठाऊक होते तेवढेच गृहीत धरून वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सांजवात :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण मूल्याचा प्रश्न निघाला असताना लेयाविषयी कोणीच बोलू नये याचे वाईट वाटते. माझ्या मते या कादंबरीचा गाभा तीच आहे. तिचा ग्रह तिच्या डोळ्यांसमोर नष्ट झाला आहे, वेडरच्या कैदेत तिचा छळ झाला आहे, आणि पुन्हा साम्राज्याच्या हाती पडण्याच्या नुसत्या कल्पनेने तिची होणारी अवस्था फॉस्टर गांभीर्याने रंगवतात. शेवटच्या प्रसंगात लूक कोसळलेल्या दगडाखाली अडकतो तेव्हा लाइटसेबर, म्हणजे त्याची प्रकाशतलवार, उचलून वेडरसमोर उभी राहते ती लेया. ती जिंकू शकत नाही, एकामागून एक जखमा सोसते, तरी मागे हटत नाही. चित्रपटांच्या मूळ त्रयीत तिला वेडरशी असे समोरासमोर लढण्याची संधी एकदाही मिळत नाही. हे एक प्रकरण वाचण्यासाठी तरी पुस्तक हातात घ्यावे.

काळा दगड :
प्रकरण उत्तम आहे, हे मान्य. तरीही दोष झाकले जाऊ नयेत. वेश पालटून वस्तीत फिरताना लेया दासीचे सोंग घेते आणि ते वठावे म्हणून लूक तिला थोबाडीत मारतो. लेखकाने तो प्रसंग ज्या सहजतेने पुढे नेला आहे, ती आज वाचवत नाही. लूक कित्येकदा फारच सराईत योद्धा वाटतो. पहिल्या चित्रपटातला गोंधळलेला मुलगा इतक्या लवकर कोठे गेला हे कळत नाही. भूमिगत राहणाऱ्या कोवे जमातीचे चित्रणही जुन्या साहसकथांतल्या ‘रानटी’ लोकांच्या साच्यातले आहे, आणि तिच्या योद्ध्याला द्वंद्वात हरवून लूकने मान मिळवणे हा त्या साच्यातलाच प्रसंग. मात्र ग्रहावरचे मूळ रहिवासी मद्यासाठी खाणकामगारांपुढे लाचार झालेले दाखवताना फॉस्टर यांची सहानुभूती कोणाकडे आहे हे स्पष्ट दिसते, आणि तो भाग मला पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक वाटला.

पानगळ :
सर्वांचे मनापासून आभार. लेयाच्या द्वंद्वाकडे मी या दृष्टीने पाहिले नव्हते. पुढच्या चित्रपटांत या पुस्तकातले काही टिकले का?

उत्तररात्र :
टिकले, आणि बरेच. शक्ती वाढवणारा स्फटिक मुळात लुकास यांच्या सुरुवातीच्या मसुद्यांतला होता. फॉस्टर यांनी तो कथेच्या केंद्रस्थानी आणला आणि ‘रोग वन’ या नंतरच्या चित्रपटात डेथ स्टार या साम्राज्याच्या ग्रहनाशक अंतराळतळाच्या अस्त्रामागे तशाच नावाचे स्फटिक आहेत. मिंबनही २०१८ च्या ‘सोलो’ चित्रपटात चिखलाने भरलेली रणभूमी म्हणून आला, तोही २०१४ साली जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथाविश्वातून वगळल्या गेल्यानंतर. शिवाय या कथेत कोवे लोक साध्या हत्यारांनी साम्राज्याच्या सैनिकांना हरवतात, आणि तशीच लढाई पाच वर्षांनी, १९८३ च्या चित्रपटात, एंडॉरच्या जंगलात दिसली. त्या दोहोंचा थेट संबंध आहे असा माझा दावा नाही, पण एकापाठोपाठ एक वाचून-पाहून झाल्यावर साम्य नजरेतून सुटत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदवतो. २०२० साली फॉस्टर यांनी आपल्या जुन्या पुस्तकांचे मानधन थकल्याची जाहीर तक्रार केली, त्यांत हे पुस्तकही होते. अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि पुढे त्यांचा प्रश्न मार्गी लागला. हक्क विकत घेणाऱ्या कंपनीवर पूर्वीच्या करारातील देणी बंधनकारक आहेत की नाहीत, हा त्या वादातला मुद्दा होता आणि तो इतर अनेक लेखकांच्याही पोटापाण्याशी जोडलेला होता. त्यामुळे ज्यांना ही कादंबरी घ्यायची आहे त्यांनी शक्य असल्यास नवी प्रत घ्यावी, म्हणजे लेखकाला मानधन मिळेल.